गोल्फ न खेळता गोल्फच्या मैदानात: दिल्लीतल्या एका पहिल्यावहिल्या स्पर्धेची मार्शलगिरी

सप्टेंबरात अर्ज भरला तेव्हा मला गोल्फमधलं एवढंच माहीत होतं की ज्याचे फटके कमी तो जिंकतो. बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) चांगली की बोगी (एक जास्त), हेही विचारून घ्यावं लागलं. तरी १६ ते १९ ऑक्टोबर २०२५ या चार दिवसांत दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिपमध्ये मी मार्शल, म्हणजे प्रेक्षकांना आवरणारी स्वयंसेवक, म्हणून उभी राहिले. ‘तुला कसं काय घेतलं?’ हा प्रश्न तेव्हापासून इतक्या जणांनी विचारलाय, की एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

घेतलं, कारण स्पर्धेचं पहिलंच वर्ष होतं. जुन्या स्पर्धांना वर्षानुवर्षं तेच तेच लोक स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांना मैदानाचा कोपरा न् कोपरा पाठ असतो आणि नव्याला रांगेत थांबावं लागतं. इथे सगळेच नवे. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत एक निवृत्त कर्नल राहतात, लष्कराच्या मैदानावर खेळतात. त्यांनीच लिफ्टमध्ये सांगितलं, “बेटा, शांत उभं राहता येतं ना? मग भर फॉर्म. गोल्फ शिकवता येईल, उभं राहणं नाही शिकवता येत.” सरकारी कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या बाईला उभं राहण्याचं काय सांगावं!

स्पर्धा छोटी नव्हती. बक्षिसाची रक्कम ४० लाख डॉलर. भारतात एवढ्या पैशाची गोल्फस्पर्धा आधी झालेली नव्हती. रोरी मॅकिलरॉय पहिल्यांदाच भारतात स्पर्धा खेळायला येणार होता. टॉमी फ्लीटवूड, शेन लाउरी हेही. हे तिघं युरोपच्या संघातून सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कजवळ अमेरिकेला १५–१३ हरवून रायडर कप घेऊन गेले होते, आणि त्या संघाचा कर्णधार ल्यूक डोनाल्डसुद्धा दिल्लीत खेळणार होता. यातलं एकही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. माझा भाऊ मात्र ‘डीपी वर्ल्ड’ ऐकताच म्हणाला, “अगं, हे आमचे न्हावा-शेव्याचे!” तो तिथे कस्टम क्लिअरिंगचं काम करतो, त्याच्या लेखी ती दुबईची कंटेनर टर्मिनलवाली कंपनी. तिच्या नावावर युरोपातल्या व्यावसायिक गोल्फची अख्खी टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका, चालते, हे त्याला मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बंदराबद्दल मी त्याला काही नवीन सांगितलं असेल.

आता कागदपत्रं. अर्ज ऑनलाइन, सोपा. आधार, फोटो, आणीबाणीत संपर्कासाठी एक नंबर, टी-शर्टचं माप. पण आपल्या मराठी माणसांची एक नेहमीची अडचण आहे. फॉर्मला दोन रकाने, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्या आधारवर मधे नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं नाव असतं. मी दोन रकान्यांत दोन नावं लिहिली. मग ‘ओळखपत्रावरचं आणि आधारवरचं नाव तंतोतंत सारखं हवं’ असा मेल आला. पुन्हा आधारची प्रत पाठवली, आठवडाभर उत्तर नाही, तोवर पोटात गोळा. तुम्ही भराल तेव्हा पहिल्या रकान्यातच आपलं आणि मधलं, दोन्ही नावं घाला. माप टाकताना एक आकडा मोठं मागा. ऑक्टोबरात पहाटे आतून काहीतरी घालावंसं वाटतं आणि दुपारी तोच टी-शर्ट अंगाला चिकटतो.

कार्यालयात गुरुवार-शुक्रवारच्या दोन सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकल्या. कारण खरं लिहिलं. साहेबांनी एकच विचारलं, “मानधन आहे का?” नाही म्हटल्यावर सही झाली. सरकारी नोकरीत असाल तर मानधन नसल्याचं अर्जात एका ओळीत लिहून ठेवा, पुढची चर्चा वाचते.

खरी कोंडी दिवाळीची होती. १७ तारखेला वसुबारस, १८ला धनत्रयोदशी, २०ला पहिली अंघोळ. निजामुद्दीनहून पुण्याची तिघांची थ्री-टायर एसीची तिकिटं मी साठ दिवस आधी, खिडकी उघडल्या उघडल्या, ऑगस्टमध्येच काढली होती. तारीख शुक्रवार १७. सासूबाईंना फोनवर सांगायचा दिवस मी दोनदा पुढे ढकलला. शेवटी ठरलं, नवरा आणि लेक ठरल्याप्रमाणे जातील, मी मागून येईन. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पगार नाही, सुट्टी जाते, सणाला घरी नाही. मग करतेस कशासाठी?” याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. तीन प्रवाशांतल्या एकाचंच तिकीट रद्द करता येतं. तेव्हा थ्री-टायरला १८० रुपये आणि वर जीएसटी कापत, तेही गाडी सुटायला ४८ तासांहून जास्त वेळ असेल तरच. नंतर उरलेल्या प्रवाशांची नवी प्रत काढून घ्यायला विसरू नका.

स्पर्धेच्या आधी एक प्रशिक्षणाचं सत्र झालं. कुणी गोल्फचे नियम शिकवले नाहीत, आणि ते बरंच झालं. शिकवलं ते असं: खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की दोन्ही हात वर. प्रेक्षक चालत असतील तर थांबवायचं, बसलेले असतील तर तसंच राहू द्यायचं, कारण खेळाडूला आवाजाइतकाच हालचालीचा त्रास होतो. खेळाडूशी स्वतःहून बोलायचं नाही. सही, सेल्फी काही नाही. चेंडू कुठे पडला ते दाखवायचं. पण तो आत की बाहेर, खेळता येईल की नाही, यावर चकार शब्द काढायचा नाही. वॉकीटॉकीवरून पंचांना बोलवायचं. आणि चेंडूला हात लावायचा नाही. कधीच नाही. मुद्दा पटवायला शिकवणाऱ्याने हे तीन भाषांत सांगितलं.

कर्नलकाकांनी घरी दोन गोष्टी वर घातल्या. हरवलेला चेंडू शोधायला खेळाडूला तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच होती, २०१९ला तीन झाली. आणि शोधताना चुकून कुणाचा पाय चेंडूला लागला तर दंड कुणालाच नसतो, चेंडू परत जागच्या जागी ठेवतात. या दुसऱ्या नियमानं मला रात्री झोप लागली.

गुरुवारी पहाटेची पाळी. एवढ्या लवकर मेट्रोचा भरवसा नव्हता म्हणून कॅब केली, पाचशेच्या आसपास गेले. नंतरच्या दिवशी मेट्रोच बरी पडली: द्वारकेहून ब्लू लाइननं मंडी हाउस, तिथे व्हायोलेट लाइन धरून खान मार्केट, मग थोडं चालणं. पन्नास-पंचावन्न रुपयांत काम होतं. आपल्या गाडीनं जाण्याच्या भानगडीत पडू नका. झाकिर हुसेन मार्गावर एरवीही गर्दी असते, दिवाळीच्या आठवड्यात तर विचारूच नका.

आत शिरले आणि थबकले. इतकी वर्षं दिल्लीत राहून या भिंतीच्या बाहेरूनच गेले होते. सदस्यत्वासाठी लोक दशकं वाट बघतात अशी या क्लबची ख्याती. आमच्यासारख्यांचा आत जायचा प्रश्नच नव्हता. धुकं की धूर कळेना, गवत ओलं, आणि मोर ओरडतायत. एक नाही, चारी बाजूंनी. मधेच लाल बंगला नावाच्या मुघलकाळातल्या थडग्याची घुमटी. दिल्लीत थडग्यांच्या शेजारी लोक क्रिकेट खेळतात हे पाहिलं होतं, इथे थडग्यांच्या शेजारून चाळीस लाख डॉलरचं गोल्फ जाणार होतं.

मैदानाबद्दल एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इथल्या लोदी कोर्सवर फेअरवे, म्हणजे ज्या हिरव्या पट्ट्यातून खेळायचं तो, अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंना दाट काटेरी झुडपं. चेंडू तिकडे गेला की गेला. ज्याचा ड्राइव्ह जगात वाखाणला जातो त्या रोरीनं या आठवड्यात ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, वापरणारच नाही म्हणून सांगून टाकलं होतं. लांब मारण्यापेक्षा सरळ मारणं इथे महत्त्वाचं. मार्शलच्या दृष्टीनं याचा अर्थ: चेंडू शोधायचं काम भरपूर.

माझी जागा होती प्रेक्षकांना फेअरवे ओलांडून जायला दोरी सोडतात त्या ठिकाणी. गट पुढे गेला की दोरी सोडायची, लोकांना पलीकडे जाऊ द्यायचं, पुढचा गट टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आला की बंद. ऐकायला सोपं. बालगंधर्वला तिसरी घंटा झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना अंधारात थोपवणारा डोअरकीपर आठवा, फक्त इथे तिसरी घंटा दर दहा-बारा मिनिटांनी होते आणि उशिरा येणाऱ्यांत कुणाचे तरी साहेब असतात. “मॅडम, बस एक मिनट” हे वाक्य दिल्लीत किती तऱ्हेनं म्हणता येतं याचा अभ्यास झाला. पहिला तासभर मी घाबरत हात वर करत होते. मग लक्षात आलं, लोक ओरडण्याला जुमानत नाहीत, पण आपण स्वतः एकदम स्तब्ध झालो की आजूबाजूचे आपोआप थांबतात. पुढचे सगळे दिवस हेच वापरलं.

शेजारच्या जागेवर एक वयस्क गृहस्थ होते, तरुणपणी याच क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, होते. गोल्फ मला शिकवलं ते त्यांनी. चेंडू हवेत असताना बघू नका, म्हणाले, फटक्याचा आवाज ऐका. नीट लागला तर टणक वाजतो, नाहीतर फाटका. अली शेरची गोष्टही त्यांचीच. इथेच कॅडी असलेला अली शेर १९९१ साली याच मैदानावर इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा १९६४ला सुरू झाल्यापासून जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याआधी १९६५ला बिल्लू सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. “तेव्हा आम्हाला क्लबच्या पुढच्या दारानं यायची परवानगी नव्हती,” असं ते म्हणाले आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

त्या सकाळी एक चेंडू आमच्या डाव्या हाताच्या झुडपात घुसला. मी खूण केली, कॅडीकाका काठीनं फांद्या बाजूला करायला लागले, खेळाडू आला. त्याच्या कॅडीनं घड्याळ लावलं. तीन मिनिटं किती लांब असतात आणि किती लहान, दोन्ही एकदम कळलं. माझी नजर सगळा वेळ माझ्याच बुटांवर. चेंडू सापडला नाही. खेळाडू एक शब्द न बोलता मागे चालत गेला, पुन्हा मारायला. जाताना आम्हा दोघांकडे बघून टोपीला हात लावला. कोण होता, किती फटके झाले, सांगणार नाही; पण त्यानंतर मी घरच्यांना ‘गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं फिरणं’ असं पुन्हा म्हणाले नाही.

दिवसअखेर लाउरी ६४ करून पुढे होता, म्हणजे पारपेक्षा, मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, आठ कमी. मी त्याला पाहिलंही होतं आणि ओळखलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारची पाळी, त्यामुळे नवऱ्याला आणि लेकीला स्टेशनवर सोडता आलं नाही. सकाळी चिवड्याचा डबा, वाटेत खायला पोळी-भाजी भरून दिली आणि आमची दारातच विभागणी झाली. ऊन्हाची पाळी जड जाते. टोपी देतात, पण मानेवर पंचा किंवा ओढणी असू द्या. पाणी मिळतं, प्यायला मात्र जागा सोडता येत नाही, म्हणून छोटी बाटली कमरेला हवी. बूट सपाट तळाचे लागतात, गवताला खड्डे पडू नयेत म्हणून. माझे जुने चालले नसते, नवे घ्यावे लागले. अठराशे रुपये, या सगळ्या उपद्व्यापातला सगळ्यात मोठा खर्च. फ्लीटवूडनं त्या दिवशी ६४ करून आघाडी घेतली आणि संध्याकाळी कट पडला. दोन दिवसांनंतर वरचे ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात, बाकीच्यांना दमडी न मिळता घरी. दोन दिवस माझ्यासमोरून हसत गेलेला एक भारतीय मुलगा शनिवारी दिसला नाही, तेव्हा चुटपुट लागली. ओळख ना देख.

शनिवारी धनत्रयोदशी, आणि तोबा गर्दी. सुट्टी होती, रोरी होता. शाळेच्या गणवेशातली मुलं, सोनं घेऊन तसेच आलेले जोडपे, आपले पुणेकरसुद्धा भेटले, मी दोन्ही हात वर केलेले असताना मागून स्पष्ट मराठीत आलं, “हा पट हुकला बघ.” पट म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका. वळून हसायचीही सोय नव्हती. रोरीचा गट आला की माणसं खेळाडूंपेक्षा भराभर चालतात आणि मागचा गट खेळतोय हे विसरतात, म्हणून दोरीवर जास्त हात लागतात. आम्हाला दोघांच्या जागी चौघं दिले. जपानचा केइता नाकाजिमा दोन फटक्यांनी पुढे गेला, पण त्याच्याबरोबर चालणारी माणसं रोरीच्या मानानं मूठभर. मला तेच जास्त आवडलं. त्याचा खेळ नीट दिसला.

परतताना मेट्रोत प्रत्येकाच्या हातात भांड्याचा खोका. मी एकटीच गवताचे तुकडे चिकटलेले बूट घेऊन.

रविवारी सकाळी दहाला एक वेगळंच नाट्य. सोमवारच्या गाडीचं एसी तत्काळ आदल्या दिवशी दहाला उघडतं. नवरा पुण्यात बसून माझ्या खात्यातून तिकीट काढत होता. त्या वर्षीच्या जुलैपासून तत्काळला आधारचा ओटीपी लागतो, आणि तो येणार माझ्या फोनवर. फोन माझ्या खिशात, मुका, आणि समोर खेळाडू पटच्या तयारीत. दोन्ही हात वर. खिशात थरथर होतेय, हात खाली घेता येत नाही. पट पडला, टाळ्या झाल्या, ओटीपी वाचून पाठवला, तोवर वेटिंग १४०च्या पुढे. तुमचा असा प्रसंग असेल तर दहाच्या आसपासची पाळी बदलून मागा, मिळते.

दुपारी सुटले आणि ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलला गेले. हवा सकाळपासून वाईट होती. त्याच दिवशी दिल्लीत प्रदूषणाचे दुसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागू झाले. घसा खवखवत होता, पण हलवत नव्हतं. फ्लीटवूडनं शेवटच्या दिवशी ६५ केले, एकूण २६६, म्हणजे पारपेक्षा २२ कमी. नाकाजिमा दोन फटके मागे. चेंडू पडला आणि दोरीच्या आतून एक मुलगा धावत सुटला. त्याचा मुलगा फ्रँकी. बाबा जिंकले आणि मी धावत ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) गेलो असं कधी झालं नाही, असं तो म्हणाला होता म्हणे. फ्लीटवूडनं नंतर तेच सांगितलं. मला माणसांच्या डोक्यांमधून मुलाची टोपी आणि बापाचे लांब केस एवढंच दिसलं. शेजारच्या बाई रडत होत्या, त्यांना गोल्फमधलं माझ्याइतकंही येत नव्हतं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं असं लिहायचा मोह होतोय, पण खरं सांगायचं तर मी तेव्हा लेकीचा विचार करत होते.

घरी सोमवारची अंघोळ एकटीनं केली, उटणं फोनवर लेकीला दाखवून. मंगळवारच्या रात्रीचं तिकीट मिळालं, एक आरएच, म्हणजे ऐच्छिक सुट्टी, टाकली आणि भाऊबीजेला पुण्यात पोचले. भावानं ओवाळणीचं पाकीट हातात देऊन लगेच रोरीबद्दल विचारलं. मी त्याला नाकाजिमाबद्दल सांगत बसले.

पुण्या-मुंबईच्या ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर पीजीटीआयच्या, म्हणजे आपल्या देशातल्या व्यावसायिक टूरच्या स्पर्धा झालेल्या आहेत. तिथे गर्दी कमी, खेळाडू हाताच्या अंतरावर, आणि स्पर्धेच्या काही आठवडे आधी क्लबात चौकशी केली तर माणसं लागतात का ते कळतं. आधार, नावाचे तीन तुकडे, सपाट बूट. बाकी सगळं जागेवर शिकवतात.

नोव्हेंबरात सहभागाचं प्रमाणपत्र मेलवर आलं. साहेब म्हणाले, रजेच्या अर्जाला जोडून टाका. सीएलला प्रमाणपत्र लागत नाही, हे मी त्यांना नियमासकट सांगितलं. तरी फाइलला लावलंच.